अँटनचं डोकं

१६ सप्टेंबर १९०५, शनिवार

लव्हिनिया आत्याने ही वही पाठवली. रोज लिहिलंस तर तुझं वागणं तुझं तुला कळेल, म्हणते. मला कळून काय करायचंय, कळायला आमचे डीन आहेत की. पण आज लिहिण्यासारखं घडलंय, तेव्हा आत्याचा मान राखतो.

आज दुपारी पहिल्या वर्षाच्या पोरांची आणि आम्हा दुसऱ्या वर्षाच्यांची मारामारी होती. दर सप्टेंबरात असते. हाती लागेल त्याच्या डोक्यावर पोतं चढवायचं, एल्मच्या झाडाला बांधायचं आणि भादरायचं. पोत्याच्या तळाला आधीच भोक असतं, त्यातून नुसते केस बाहेर ओढायचे. तोंड दिसत नाही, म्हणजे मागाहून वैर राहत नाही. मी घरून मेंढ्यांची कात्री आणली होती.

सहा जणांनी मिळून एक धूड आणलं. पोतं त्याला जेमतेम पुरलं. भोकातून केस ओढले तर पिवळे, लांब, मक्याच्या कणसाच्या दाढीसारखे. मी मन लावून साफ केले. गडी हलला नाही की ओरडला नाही.

तेवढ्यात आमचे फुटबॉलचे कोच, मिस्टर क्रॅडॉक, पळत आले. केसांचा ढीग बघून जागीच थांबले.

"पिकेट, काय केलंस हे?"

"केस कापले, सर."

"कुणाचे?"

"ते कळत नाही, सर. तोच तर नियम आहे."

पोतं काढलं. अँटन हाल्वर्सन निघाला. मिनेसोटातून कोचनी खास आणलेला नवा गडी, मधोमध मुसंडी मारणारा. एप्रिलमध्येच त्याला पत्र गेलं होतं, केसांना हात लावू नकोस. आमच्यात खेळणारे सगळेच वाढवतात. समोरच्या रांगेत डोकं खुपसायचं तर वर काहीतरी गादी हवी. कातडी टोप्या निघाल्यात म्हणे, पण त्या घालणाऱ्याला बायका हसतात. शेवटचा सामना नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाला. तो संपला की अख्खी टीम युबँक न्हाव्याकडे रांगेत, गाव टाळ्या वाजवतं. तोवर कात्री लावायची नाही.

अँटनने डोक्यावरून हात फिरवला. "गार वाटतंय," एवढंच म्हणाला.

कोच मला म्हणाले, "आजपासून हा तुझ्या खोलीत. थँक्सगिव्हिंगपर्यंत या डोक्याची जबाबदारी तुझी."

मी म्हटलं, "माझ्या स्वतःच्या डोक्याची अजून कुणी दिली नाही, सर." कुणी हसलं नाही.

१९ सप्टेंबर

खोलीतला पाहुणा: उंची दाराएवढी, बोलणं दिवसाला वीस वाक्यं, जेवणात सहा बटाटे. नॉर्वेजियन. घरी वडील आणि थोरली बहीण इंगेबोर्ग. त्याला रेल्वेसाठी जमीन मोजणारा व्हायचंय. त्याच्या घरापासून इथपर्यंत एकतीस स्टेशनं लागतात, ती सगळी ओळीने पाठ. झोप येत नसली की म्हणतो. मला तिसऱ्याच स्टेशनावर झोप लागते.

त्याच्या बुटात जॅम भरला. त्याने शांतपणे पाय काढला, बोटाने चाखलं आणि म्हणाला, "मनुका." याच्याशी काय खेळणार?

३० सप्टेंबर

पहिला सामना, ३४-०. अँटनच्या चड्डीला दोन्ही बाजूंना कातडी मुठी शिवल्यात, पेटीला असतात तशा. चेंडू त्याच्याकडे दिला की मागून दोघं ढकलतात, पुढून दोघं मुठी धरून ओढतात, आणि तो डोकं खाली घालून भिंत पाडल्यासारखा जातो. मी बाकावर बसून बघतो. बघायला फार छान.

७ ऑक्टोबर

आमचा आकडे पुकारणारा व्हीटन, त्याची हासळी मोडली. जागा मला मिळाली! वजन माझं एकशेतीस पौंड. पण कोच म्हणाले, "तुझं डोकं निदान चालतं तरी, नको त्या कामात का होईना." मी तीन आकडे ओरडतो. मधला सांगतो चेंडू कुणाला, शेवटचा सांगतो कुठल्या फटीत. चार म्हणजे अँटन. मला पाठ करायला आठवडा लागला, अँटनला एक संध्याकाळ.

१४ ऑक्टोबर

जिंकलो. आजची गंमत लिहिलीच पाहिजे. गोलचे खांब बरोबर रेषेवरच रोवलेले असतात. अँटन खाली मान घालून रेषेपार गेला तो थेट खांबात. खांब हलला. लोक हसून हसून खाली बसले.

आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे डॉ. प्रॉथेरोंनी, नाकाशी शुद्धीवर आणायची बाटली धरली आणि दोन बोटं दाखवली. "किती?"

"तीन," अँटन म्हणाला.

"पोरगा दिलदार आहे," डॉक्टर म्हणाले, आणि उठवलं. उठला तो सरळ जाऊन समोरच्या टीमच्या रांगेत उभा राहिला. त्यांनीच हात धरून परत आणून दिला. पुन्हा हशा.

१७ ऑक्टोबर

अँटनला मेथडिस्ट पाद्री आणि खेचराचा विनोद सांगितला. पोट धरून हसला. काल परत सांगितला, परत हसला. आज तिसऱ्यांदा सांगितला, तरी तितकाच. टिबेट्सला, आमच्या कॅप्टनला, हे बघायला बोलावलं. टिबेट्स म्हणाला, "असा श्रोता मिळाला तर मीसुद्धा पाद्री होईन." आता रोज संध्याकाळी चारपाच जण येतात, मी विनोद सांगतो. दुसऱ्या वर्षात माझ्या खोलीला इतकं गिऱ्हाईक कधी नव्हतं.

२४ ऑक्टोबर

अँटन खिडकीला घोंगडी लावून बसतो. उजेड टोचतो म्हणे. मी बाहेरून आरशाने त्याच्या डोळ्यांवर कवडसा मारला. त्याने बादलीत ओकलं. जेवताना सगळ्यांना सांगितलं, पण वाटलं होतं तेवढं कुणी हसलं नाही. मटण शिळं होतं म्हणून असेल.

२८ ऑक्टोबर

जिंकलो, पण काठावर. चार पुकारला की अँटन माझ्याकडे बघत राहतो, जसा काही मी लॅटिन बोलतोय. मग मी एक युक्ती काढली. चेंडू हातात देताना त्याचा गुडघा दाबायचा, डावा म्हणजे डावीकडून, उजवा म्हणजे उजवीकडून. कुणाच्या लक्षात आलं नाही. गावच्या पेपरात आलं की पिकेट आणि हाल्वर्सन यांच्यात न बोलता समज आहे.

झोपताना तो स्टेशनं म्हणत होता. अठरावर आला आणि परत पहिल्यापासून. दोनदा. मी म्हटलं, "गाडी पुढे ने की लेका."

म्हणाला, "पुढे रूळच नाहीत."

मला हसू आलं. मग नाही आलं.

२ नोव्हेंबर

केस म्हणावे तसे वाढत नाहीत. फुटपट्टीने मोजले, जेमतेम दीड बोट. टिबेट्सच्या डोक्यावर तर गवताची गंजी आहे आणि तो डोकं कुठेच घालत नाही.

तबेल्यातून घोड्याच्या जुन्या गळपट्ट्याचा नमदा आणला, वर खोगिराचं कातडं शिवून टोपी केली. तीन सुया मोडल्या. अँटनने बघितली आणि म्हणाला, "माझ्या आत्याकडे अशीच होती. चहाच्या किटलीवर घालायला."

"घाल ना. किटलीपेक्षा तुझं डोकं महाग आहे."

"हसतील."

"हसू देत. मला रोज हसतात, मेलो का?"

सरावाला आधी मीच घालून गेलो. दोन तास टीमने माझी आरती ओवाळायची तेवढी ओवाळली. "किटलीबाई, वाफ सोडा!" मग अँटनला दया आली, त्याने ती घेऊन आपल्या डोक्यावर चढवली. दोन दिवस घातली. तिसऱ्या दिवशी टिबेट्सने ती शेगडीत टाकली. घोडा जळल्याचा वास अजून येतोय.

११ नोव्हेंबर

जिंकलो. सात सामने, सातही जिंकलो. असं या कॉलेजात कधी झालं नव्हतं. आता फक्त मेरिडन कॉलेज उरलं.

सामन्यानंतर अँटन मला "निल्स" म्हणाला. तीनदा. मी ओ दिली, कुणाच्या तरी नावाने हाक मारतोय, मारू दे.

२० नोव्हेंबर

इंगेबोर्गचं पत्र आलं, माझ्या नावावर! उतरवून ठेवतो.

"मिस्टर पिकेट, अँटनच्या पत्रांत तुमचं नाव असतं म्हणून लिहिते. परवा त्याची तीन पत्रं एकाच टपालात आली. तिन्हीत शब्दन् शब्द सारखा. आमच्या वडिलांना वाटतं तो थट्टा करतोय, पण त्याला थट्टा करता येत नाही. तुम्हाला येते, असं त्यानेच लिहिलंय. ही तुमची थट्टा असेल तर मी रागावणार नाही, फक्त तसं कळवा. आणि निल्स बरा आहे ना, असं त्याने विचारलंय. निल्स आमचा मधला भाऊ, तो सहा वर्षांपूर्वी तळ्यात बुडाला."

चार वेळा वाचलं. मग या वहीची मागची पानं वाचली. बोटं, विनोद, कवडसा, अठरावं स्टेशन. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

आत्याला जे हवं होतं ते झालं बहुतेक.

२१ नोव्हेंबर

कोचकडे गेलो.

"सर, अँटनला खेळवू नका. त्याचं डोकं बिघडलंय. आकडे आठवत नाहीत त्याला, मी गुडघा दाबतो."

कोचनी पाइप खाली ठेवला. "पिकेट, चॅपलच्या घंटेत घुबडाने अंडी घातलीत असं डीनना कुणी पटवलं होतं?"

"मी, सर."

"दोन दिवस प्रार्थनेची घंटा वाजली नाही. आणि माझ्या बायकोला मी टायफॉइडने आजारी आहे असं पत्र?"

"तेही मीच. पण हे खरं आहे, सर."

"तेव्हाही तू असाच उभा होतास. हाच चेहरा." ते उठले. "तो मुलगा माझ्या शब्दावर इथे आलाय. खेळतोय तोवर कॉलेजात त्याची जागा आहे. एक सामना राहिलाय. जा."

डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "नॉर्वेजियन कवटी आहे बाबा, तिच्यावर अक्रोड फोडता येतील." मग घुबडाचं काय झालं ते विचारायला लागले.

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि लोकांनी दाद दिली ती ही.

२८ नोव्हेंबर

सराव. अँटन रांगेत घुसला, बाहेर आला, पुन्हा घुसला. चौथ्यांदा बाहेर आला तेव्हा कानातून पाण्यासारखं काहीतरी येत होतं. टिबेट्सने ते आपल्या बाहीने पुसलं आणि खेळ पुढे चालू.

रात्री मी म्हटलं, "अँटन, नको खेळूस गुरुवारी. घरी जा."

"शेवटचा सामना झाला की जाईन. सगळे केस कापतील ना, मग."

"केस कापले की जाशील?"

"केस कापले म्हणजे संपलंच की," तो म्हणाला. यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा सूर. मग लगेच, "आज कुठला वार?"

मंगळवार, असं तोंडावर आलं होतं. नाही सांगितलं. तेव्हाच डोक्यात आलं.

३० नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

सगळं ओळीने लिहितो.

सकाळी सातला अँटनला उठवलं. "ऊठ रे गड्या. किती झोपशील? जिंकलो काय, तू लोळतोस काय."

"जिंकलो?"

"मेरिडनला. काल. बावीस-शून्य."

तो उठून बसला.  मी गेल्या सव्वा वर्षात सगळ्यांना गंडवलंय, डीनना, कोचना, कोचच्या बायकोला. कधी जड गेलं नाही. आज कोटाचं बटण चुकीच्या काजात लावलं.

"मी खेळलो?"

"दोनदा रेषेपार गेलास. खांब चुकवून."

"डोकं दुखतंय."

"म्हणूनच दुखतंय. चल, युबँककडे जायचंय. कालच्या गर्दीत तू राहून गेलास."

रस्त्यावर पताका होत्या, दुकानांतून निळं-पांढरं कापड. अँटन म्हणाला, "अजून काढलं नाही?"

"असं कधी जिंकलो होतो का आपण? आठवडाभर राहील."

युबँक दुकान झाडत होता. आज तिसऱ्या प्रहरी अख्खी टीम यायची, म्हणून खुर्च्या पुसून ठेवलेल्या. मला बघून हसला. अँटनला बघून थांबला.

"मिस्टर युबँक, याचे कापा. काल सामना झाला ना, याचेच तेवढे राहिलेत."

युबँकने माझ्याकडे बघितलं. सामन्याआधी खेळाडूला कात्री लावणं म्हणजे या गावात चर्चला आग लावण्यासारखं आहे. "पिकेट," तो म्हणाला, "तुझी ही असली..."

तेवढ्यात अँटन खुर्चीत बसला. समोर आरसा होता. त्याने आरशातल्या माणसाकडे बघून टोपी काढली आणि सभ्यपणे मान हलवली, ओळख नसलेल्याला करतात तशी.

युबँकने झाडू ठेवला. दार लावून घेतलं. चादर झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधली आणि कात्री घेतली. कापायला काय होतं, दोन बोटं. पण त्याने पाऊण तास लावला. कानाच्या मागे आला की हात अगदी हलका करायचा. "चांगला खेळलास हो काल," मध्येच म्हणाला. "बघितलं मी."

अँटनचा चेहरा उजळला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

टीमला अकराला हॉटेलात जमायचं होतं. उत्तरेची गाडी दहा वीसची. काल इंगेबोर्गला तार केली होती, "अँटन येतोय. डोक्याला मार. डॉक्टरला दाखवा. सामना झाला असंच म्हणा." अठरा स्टेशनं त्याच्याच तोंडून पाठ झाली होती, बाकीची स्टेशनमास्तरला विचारली, आणि एकतीसही उलट्या क्रमाने एका कागदावर लिहून कोटाच्या आत टाचणीने लावली, शेवटच्याखाली दोन रेघा. गार्डलाही सांगितलं. गार्ड म्हणाला, "सामना सोडून चाललाय?" मी त्याच्या पायावर पाय दिला.

गाडी सुटताना अँटनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ऊन पडलं होतं, गोरी गोरी कवटी.

"डेल, तू होतास ना मैदानात?"

"मीच आकडे पुकारले."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि डोकं आत घेतलं.

अकराला हॉटेलात जाऊन मी कोचना सांगितलं. त्यांना वाटलं थट्टा आहे. साडेबारापर्यंत ते हसत होते.

शून्य-सतरा हरलो. मीच आकडे पुकारले. चार कधी पुकारला नाही, एकदा सवयीने तोंडातून गेला तेव्हा कुणीच धावलं नाही, चेंडू मातीत पडला.

२ डिसेंबर

टीमने केस कापून घेतले, टाळ्यांशिवाय. मी रांगेत उभा राहिलो तर टिबेट्स म्हणाला, "तू कुठे? तुझा सामना तर आदल्या दिवशीच झाला ना?" म्हणजे अँटनला काय सांगितलं ते सगळ्यांना कळलंय. परत आलो. केस तसेच. माझ्या शेजारी कुणी जेवायला बसत नाही. बटाटे भरपूर मिळतात.

कोच वाटेत भेटले. निघताना म्हणाले, "खरंच गुडघा दाबायचास?"

"ऑक्टोबरपासून, सर."

त्यांनी खिशातून पाइप काढला. पाइप पेटवायला चार काड्या लागल्या.

१५ डिसेंबर

इंगेबोर्गचं पत्र. डॉक्टरने अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलंय, महिनाभर उठायचं नाही. तो सारखा सामन्याबद्दल विचारतो, तिला काही सांगता येत नाही, तर मी लिहून कळवीन का. "मला खोटं नीट जमत नाही," लिहिते.

मला जमतं. चार पानं लिहिली. पहिली धाव, दुसरी धाव, खांब, वारा, मेरिडनच्या पोरांची तोंडं. इतका चांगला सामना मी कधी बघितला नाही.

२९ डिसेंबर

तिने पुन्हा मागवलं. पहिलं पत्र त्याला वाचून दाखवलं, दुसऱ्या दिवशी विसरला. नवं लिहिलं.

९ जानेवारी १९०६

पुन्हा लिहिलं. हे तिसरं. आता मेरिडनचा कॅप्टन रडतो असंही घातलंय. डीननी बोलावलं होतं, केस कापा म्हणाले, आता हंगाम नाही. हो सर म्हटलं. कापले नाहीत.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर इंगेबोर्गचं नाही. मोठं, वाकडं, शिसपेन्सिलीने लिहिलेलं.

"डेल. आज मी खुर्चीत बसलो. पहिल्या पत्रात तू लिहिलंस दुसऱ्या वेळी मी डावीकडून गेलो. तिसऱ्यात लिहिलंस उजवीकडून. आणि वारा आधी पाठीमागून होता, मग समोरून. यातलं खरं कुठलं? इंगेबोर्ग काही सांगत नाही आणि उठून बाहेर जाते. अँटन."

खाली ओळीने स्टेशनं लिहिली होती. मी बोटाने मोजली. सत्तावीस. मग परत मोजली.

पत्र खिशात घालून युबँककडे गेलो. दुकानात कुणी नव्हतं. टोपी काढून खुर्चीत बसलो.

"आज कशी आठवण झाली रे?" युबँकने चादर झटकली.

मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं, स्टेशनांसकट.

"पकडलं की रे तुला," तो म्हणाला.

"पकडलं."

"मग? काय लिहिणार आता?"

"सतरा-शून्य," मी म्हटलं. "त्यांचे सतरा."

त्याने पत्र घडी करून माझ्या खिशात परत ठेवलं आणि कात्री घेतली.